सी लाउंजमधला चहा आणि पोळ्या लाटणाऱ्या दोघी

ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर, गेटवे ऑफ इंडियाच्या समोर, सी लाउंज आहे. दुपारच्या हाय टीसाठी, म्हणजे चहासोबतच्या खाण्यासाठी, ही जागा प्रसिद्ध. मुलगा-मुलगी बघण्याचे कितीतरी कार्यक्रम म्हणे या खिडक्यांशी झाले, अशीही तिची ख्याती. तिथल्या फर्निचरवर आणि झुंबरांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे ते माझ्याकडून अपेक्षू नका. माझं डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र आहे. सजावटीतलं मला फारसं कळत नाही, पण पाव किती वेळापूर्वी कापला, पुरीवर चटणी कधी पडली, तळण पहिल्या तेलातलं की चौथ्या, हे मला बोट लावून सांगता येतं. हे परीक्षण त्या बोटाचं आहे असं समजा.

सोबत आमच्या मावशी होत्या. केंद्र सुरू झालं तेव्हापासून पोळ्या त्याच लाटतात. वयाने माझ्याहून मोठ्या, तरी मला ताई म्हणतात. दिवाळीचा फराळ संपला, चकलीचे सोरे धुऊन ठेवले, भाऊबीजेनंतर केंद्र बंद असतं तेव्हा त्यांना विचारलं, बोनस तर झाला, पण कुठे बाहेर जायचं का? मला वाटलं महालक्ष्मी नाहीतर टिटवाळा म्हणतील. म्हणाल्या, “ताजमध्ये. आत.” बाहेर कबुतरांसोबत फोटो काढून झालेले होते, तेव्हा ‘आत’ या शब्दावर जोर होता.

आत जाता येतं का, हाच प्रश्न मला घरी-दारी सगळ्यांनी विचारला, म्हणून आधी तेच सांगते. येतं. ते हॉटेल आहे, कोणीही जावं. टॉवरच्या, म्हणजे शेजारच्या नव्या उंच इमारतीच्या, दरवाजाशी बॅग मशीनमधून जाते, अंगाची तपासणी होते, आणि ती होणारच. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात याच हॉटेलची जुनी बाजू जळाली होती आणि ती पुन्हा उघडायला १५ ऑगस्ट २०१० उजाडला. लॉबीतून डावीकडे-उजवीकडे न भुलता दुकानांच्या पट्ट्यातून सरळ जुन्या इमारतीकडे चालत राहायचं, की मोठा जिना येतो. जिन्याशी जमशेटजी टाटांचा अर्धपुतळा आहे. मावशींनी नमस्कार केला. कोणी हसलं नाही. कपड्यांचं म्हणाल तर हाफ पँट आणि रबरी चपला टाळाव्यात. मावशींच्या अंगावर दिवाळीची नारायणपेठ होती आणि त्या दिवशी त्या मजल्यावर त्याहून बरं नेसलेलं मला कोणी दिसलं नाही.

जिन्यावरून वर जाताना मान वर करून एकदा बघून घ्या. ही इमारत १६ डिसेंबर १९०३ ला सुरू झाली. समोरच्या गेटवेचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं, म्हणजे ताजसमोर गेटवे आला, गेटवेसमोर ताज नाही. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम पुरं व्हायच्या आधी वारले, आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने ते तडीला नेलं. हॉटेल उलटं बांधलं गेलं म्हणून आर्किटेक्टने जीव दिला, ही गोष्ट आम्हाला आणणाऱ्या टॅक्सीवाल्यानेही रंगवून सांगितली. खोटी आहे. मूळ दरवाजा शहराच्या बाजूला होता कारण घोडागाड्या तिकडून यायच्या. तिथे आता पोहण्याचा तलाव आहे. एका वैद्य आडनावाच्या माणसाने हे कागदावर काढलं, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं, म्हणून सांगितलं.

आता खाण्याकडे वळते.

आमच्या धंद्यात पदार्थाचे तीन भाग असतात. माल, हात आणि वेळ. माल म्हणजे सामान. हात म्हणजे करणाऱ्याची मजुरी आणि कसब. वेळ म्हणजे केल्यापासून खाणाऱ्याच्या तोंडात जाईपर्यंतचा. लोक महागाईचा हिशेब मालावरून मांडतात. काकडीच्या सँडविचमध्ये असतं काय, दोन पाव, चार चकत्या, त्याला इतके पैसे? बरोबर आहे, मालाचे पैसे फार नाहीतच. पण पदार्थ बहुतेकदा बिघडतो तो वेळेमुळे. पोळी तव्यावरून उतरली की पाच मिनिटांत खायची असते, आणि आम्ही ती डब्यात भरून दुपारी एकला माणसाच्या टेबलावर पोचवतो, म्हणून तेल, मोहन, घडी, फडकं सगळं त्या वेळेशी भांडण्यासाठी असतं. महागड्या जागेने हे भांडण जिंकलेलं असलं पाहिजे. मी ताटावरून शेवटचा हात कधी फिरला ते बघते, आणि त्यावरून जागेची किंमत ठरवते.

पहिली परीक्षा सँडविचची. बोटभर रुंदीची, कडा कापलेली, काकडीची. दिसायला सोपी आणि करायला फसवी. काकडी चिरली की पाणी सोडते. मीठ लावून आधी निथळली नाही तर पाव भिजतो. लोणी पावाच्या काठापर्यंत लावायचं असतं, मध्ये एक फटकारा देऊन भागत नाही, कारण लोण्याचा थरच पाणी अडवतो. कडा कापायच्या त्या भरून झाल्यावर, आधी नाही, नाहीतर बाजूने सारण डोकावतं. आणि हे सगळं नीट केलं तरी उघड्यावर ठेवलं की अर्ध्या तासात वरचा पाव वाळून टोकं वर येतात. कुठल्याही समारंभात सँडविचची टोकं बघा, ती किती वाजता भरली ते कळेल.

इथल्या सँडविचची टोकं खाली होती. मी एक उघडून पाहिलं (टेबलावर असं करू नये, पण मी केलं). लोणी काठापर्यंत होतं. काकडीच्या चकत्या इतक्या पातळ की खालच्या प्लेटची नक्षी दिसावी, आणि एकमेकींवर थोड्या चढवलेल्या, म्हणजे प्रत्येक घासात सारख्या येतात. मावशींनी दोन खाल्ली, मग विचारलं, “ताई, या कापलेल्या कडांचं काय करत असतील?” हा प्रश्न फक्त स्वयंपाकघरात राबलेलं माणूसच विचारतं. वाढणाऱ्या मुलाला विचारलंही आम्ही. तो हसला आणि मराठीतच म्हणाला, “काकू, ते आतल्यांना विचारायला लागेल.” बोलण्यात कोकण होतं. मावशींचा निष्कर्ष, पावाचा चुरा करून कटलेटला लावत असणार, टाकत असतील तर पाप आहे.

स्कोन, म्हणजे चहासोबत खायचा छोटा इंग्रजी बन, याबद्दल मला उत्सुकता होती, कारण तो मी घरी करून पाहिलेला आहे. मैदा, बेकिंग पावडर, थंड लोणी, दूध. गुपित एवढंच की मळायचं नाही. खारी शंकरपाळी करणाऱ्याला हे पटकन कळतं. मोहन नीट चोळलं आणि पीठ जेमतेम गोळा केलं तर खुसखुशीत, मळत बसलात तर चिवट. चांगला स्कोन सुरी न लावता हाताने मधोमध उघडतो आणि आतून खरखरीत दिसतो, त्या खरखरीत जागेत जॅम आणि क्रीम धरतं. तो कोमट असतानाच खायचा. गार झाला की दोन तासांत बिस्किटाची लादी होते. आमच्यापुढे आलेला हाताने उघडला, आणि आतून वाफ नसली तरी ऊब होती. मावशींनी त्यावरच्या घट्ट क्रीमचा वास घेतला, जिभेवर ठेवलं आणि सांगितलं, “ही तापवून काढलेली साय आहे. लोणी नाही.” बरोबर. क्लॉटेड क्रीम मंद आचेवर तापवून, निववून, वरची साय काढूनच करतात. त्यांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं. जॅम मला जरा जास्त गोड वाटला, पण मला सगळेच जॅम तसे वाटतात.

मग चाट. एवढ्या मोठ्या हॉटेलात जाऊन शेवपुरी काय खायची, हे मला तिघांनी ऐकवलं होतं. उलट माझं म्हणणं, शेवपुरीवरूनच जागा कळते. तिच्यात लपायला जागाच नाही. पुरी तळून डब्यात ठेवलेली चालते, चटण्या सकाळच्या चालतात, बटाटा उकडलेला चालतो, पण जोडणी तेव्हाची तेव्हाच लागते. क्रमही ठरलेला. आधी बटाटा, कारण तो पुरीवर गादी होऊन बसतो आणि चटणीचं पाणी खाली उतरू देत नाही. मग कांदा. मग चिंच-खजुराची, हिरवी आणि लसणाची. शेव सगळ्यात शेवटी, आणि ती घालून झाल्यावर माणसाने प्लेट हातात घेऊन धावलं पाहिजे. चौपाटीवरचा भय्या हे धावणं आपल्यालाच करायला लावतो, समोर उभं राहूनच खायचं असतं. मोठ्या हॉटेलची अडचण अशी की टेबल लांब असतं.

आमच्या टेबलावर आलेली पुरी मावशींनी दोन बोटांनी उचलली, आणि ती मोडली नाही. एका घासात गेली आणि आवाज झाला. मावशींचा हा आवाज मी ओळखते. भजणीची चकली तळणातून काढून पहिली त्या चाखतात तेव्हा असाच येतो. “आत्ता भरलीये,” एवढंच म्हणाल्या, आणि पुढची उचलली. चटण्या सौम्य होत्या, हे मान्य करते. लसणाची चटणी दादरच्या मानाने बुजरी. परदेशी पाहुण्यांचा विचार करून ठेवली असेल. तिखट हवी असेल तर सांगा, वेगळी वाटी आणून देतात. आम्ही सांगितलं, आणून दिली, आणि ती मात्र बुजरी नव्हती.

हाय टी हा बुफे असतो, हे माझ्या तत्त्वात बसत नाही. कुठल्याही बुफेत, कितीही मोठं हॉटेल असो, झाकणाच्या भांड्यात ठेवलेलं तळण वाफेने मऊ पडतं. त्याला आचारी काही करू शकत नाही, ते पाण्याचं काम आहे. म्हणून माझा साधा नियम आहे. ज्या भांड्यामागे माणूस उभा आहे तिथलं घ्या, झाकण उघडून आपणच वाढून घ्यायचं ते सोडा. बटाटेवडा, समोसा, असल्या गोष्टी त्या सोडण्याच्या यादीत. वडा खायचा तर कढईशेजारी उभं राहून खायचा. पदार्थांची यादी बदलत असते, म्हणून काय काय होतं ते सगळं इथे मांडत नाही. गोडाचं टेबल मोठं होतं. चिमुकल्या पेस्ट्र्या, टार्ट, केक. एकेक सुबक. दोन खाल्ल्या आणि दिवाळीनंतरच्या पोटाने पुढे जायला नकार दिला.

चहाची गोष्ट वेगळी लिहायला हवी, कारण तिथे आमच्यात मतभेद झाला. मी दार्जिलिंग मागवला, आणि मावशींनाही आग्रह केला की इथे येऊन मसाला चहा काय प्यायचा, तो आपण रोज पितो. किटलीत पानं, सोबत गाळणी, दूध वेगळं. दार्जिलिंगला दूध घालू नये, तीन-चार मिनिटं मुरला की ओतून घ्यावा, जास्त ठेवला तर कडवट होतो. रंग मधासारखा, वास इतका छान की मी कप नाकाशीच धरून बसले. मावशींनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, किटलीचं झाकण उघडून आत पाहिलं आणि मला हळूच विचारलं, “उकळायचा राहिला का?” मग त्यांनी मेन्यू कार्डातल्या चित्रावर बोट ठेवलेली कॅफे व्हिएन्वाज मागवली, इथली जुनी खासियत, थंड कॉफीवर फेटलेल्या क्रीमचा डोंगर. ती त्यांनी चमच्याने, कडेकडेने, एखादं काम पुरं करावं तशी संपवली.

वाढणाऱ्यांबद्दल. मावशींनी चमचा खाली पाडला. वाकून उचलायच्या आत दुसरा चमचा हाताशी होता आणि पाडलेला नाहीसा झाला होता. कोणी ‘असू द्या, असू द्या’ म्हणालं नाही, कोणी बघितलंही नाही. मला हे फार आवडलं. आमच्याकडे कार्याच्या पंगतीत वाढपी मुलं मी स्वतः शिकवते, आणि सगळ्यात अवघड शिकवायचं तेच असतं. पाहुण्याला लाज वाटायच्या आत गोष्ट निस्तरायची. आणखी एक. आम्ही खिडकीशी बसून राहिलो. घारापुरीच्या लाँचा परत येत होत्या, मांडव्याच्या सुटत होत्या, पियानो वाजत होता. बिल आम्ही मागेपर्यंत आलं नाही. “अजून काही?” हे विचारताना ‘उठा आता’ असा सूर नव्हता. मुंबईत दोन बायकांना समुद्रासमोर तीन तास बसायला खुर्ची मिळणं याला भाव आहे, आणि बिलातला मोठा हिस्सा त्याचा असतो, हे मी धंद्यातली म्हणून सांगते. जागेचं भाडं कुठल्याही खाणावळीला आतून पोखरतं. माझं केंद्र दोन गाळ्यांएवढंही नाही, तरी महिन्याच्या एक तारखेला मला पहिला तोच आकडा आठवतो.

मावशींनी स्वच्छतागृहाचंही परीक्षण केलं. कापडी नॅपकिन, एकेकाला वेगळा, घडी घातलेला. परत येऊन सांगितलं, “धुवायला बाहेर देत असतील. आपल्याला परवडणार नाही.” पुढे तो विषय डोंबिवलीपर्यंत चालला.

बिलाचा आकडा लिहीत नाही, तो बदलत असतो, आठवड्याच्या वारावरही असेल, जायच्या आधी फोन करून विचारा. माझ्या मापात सांगायचं तर आमच्याकडे महिनाभराच्या एका वेळच्या डब्याला जितके पैसे पडतात, साधारण तितकेच माणशी पडले. त्यावर जीएसटी. त्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ ‘पाच टक्के असतो, अठरा कसा लावला’ म्हणून हैराण झाले होते. साध्या रेस्टॉरंटला पाच टक्के, पण त्यांना सामानावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. ज्या हॉटेलात खोलीचं दिवसाचं भाडं साडेसात हजारांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला अठरा टक्के, आणि त्यांना ती वजावट मिळते. ताजसारख्या ठिकाणी अठराच लागणार, त्यात फसवणूक नाही. आणि माझ्यासारख्या कंपोझिशनमधल्या, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेतल्या, केंद्राला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही, आपल्या खिशातून भरायचा. कोणी पोळीभाजीवाला तुम्हाला कंपोझिशनची पाटी लावूनही वर कर लावत असेल तर त्याला विचारा.

तुलना करायची तर एकच करते. गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीच्या वाढदिवसाला आम्ही लोअर परळला गेलो होतो, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या नव्या जागेत. नाव लिहीत नाही. मराठी पदार्थ नव्या रूपात, असं त्यांचं म्हणणं. कल्पना मला आवडली होती. आपलं खाणं काचेच्या प्लेटमध्ये जावं, त्याला चांगला भाव यावा, यात मला आनंदच आहे. कोल्हापुरी आणि मालवणी सोडून पुढे काही आहे हे लोकांना कळलं तर बरंच. पण थालीपीठ आलं ते रुपयाएवढं, चिमट्याने मांडलेलं, वर लोण्याचा मणी, शेजारी पिठल्याचा फेस. फेसाला माझी हरकत नाही, चव पिठल्याची होती. थालीपीठ गार होतं. भाजणीतले उडीद नीट भाजलेच नव्हते, कच्चा वास येत होता. म्हणजे मालाला आणि चिमट्याला पैसे होते, भाजायला दिलेला वेळ कमी पडला होता. थालीपिठाला मधे बोटाने भोकं का पाडतात, तर तिथून तेल सोडायचं आणि ते खालून खरपूस व्हावं म्हणून. रुपयाएवढ्या थालीपिठाला भोक पाडायला जागाच नाही. आकार छोटा केला की पदार्थ तोच राहतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तव्यासमोर उभं राहावं.

त्या बिलात दहा टक्के सेवाशुल्क आधीच जोडलेलं होतं. काढा म्हटलं तर मॅनेजरने चेहरा असा केला की भाचीच ओशाळली आणि म्हणाली, “जाऊ दे ना मावशी.” मी जाऊ दिलं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत की सेवाशुल्क आपोआप बिलात जोडायचं नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना ग्राह्य धरल्या. आवडलं तर टिप द्या, भरपूर द्या, पण ती तुमच्या हाताने. बिल येताच कराच्या वरच्या ओळी वाचा. डोळे वर करून बघणाऱ्या मॅनेजरला घाबरू नका.

सी लाउंजला कोणी जावं? ज्यांना पोट भरायचंय त्यांनी जाऊ नये. त्याच पैशात कुलाब्यात चौघं यथेच्छ जेवतील. लहान मुलांना न्यायचं असेल तर विचार करा, तीन तास बसायचं आहे आणि मुलं गोडाच्या टेबलाला चिकटतात. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी आधीच ठरवून जावं की चाट आणि सँडविचवरच थांबायचं. वाढदिवस, निवृत्ती, आईला एकदा न्यायचंय, असं काही असेल तर जरूर जा. आधी टेबल राखून ठेवा आणि खिडकीजवळचं मागा. सुट्टीच्या दिवशी बाहेर गेटवेला इतकी गर्दी असते की टॅक्सी दरवाजापर्यंत पोचायलाच वेळ लागतो, त्यापेक्षा आठवड्यातला मधला वार बरा. टॅक्सीचं मीटर फेब्रुवारी २०२५ मध्ये ३१ रुपयांपासून सुरू व्हायला लागलं, सीएसएमटीवरून यायला टॅक्सी सोयीची आहे.

आम्ही गेलो तो गुरुवार होता आणि मावशी गुरुवार पाळतात. शाकाहारी मंडळींनी एक ध्यानात ठेवावं, पेस्ट्री आणि केकमध्ये अंडं असतं, बिनअंड्याचे कोणते ते विचारून घ्यावं. वाढणाऱ्या मुलाने न कंटाळता एकेक दाखवलं आणि शाकाहारी सँडविच वेगळ्या प्लेटमध्ये आणून दिली. चहा-कॉफीचं कार्ड वेगळंही मिळतं, तेव्हा बुफे नको असेल तर सकाळच्या वेळी जाऊन एखादी कॉफी आणि शेवपुरी एवढ्यावरही निघता येईल. पुढच्या खेपेला माझा बेत तोच आहे.

परतीच्या गाडीत मावशींनी गुण दिले. सँडविचला पैकीच्या पैकी. शेवपुरीला पैकीच्या पैकी. स्कोनला नव्वद, कारण त्यांच्या मते खारट असता तर अजून बरा लागला असता. कॉफीला शंभर आणि वर पाच. चहा नापास. शेवटच्या निकालाला मी हरकत घेतली आहे, आणि सोमवारी केंद्र उघडल्यापासून लाटणं चालू असताना त्यावर रोज वाद होतो.